लिव्हरमधली चरबी येते कुठून?

सकाळची ठाणे-वाशी लोकल. ऐरोली, रबाळे, घणसोली, दर स्टेशनला गळ्यात आयडी कार्ड अडकवलेली पोरं उतरतायत, आणि यातल्या कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये कंपनीच्या हेल्थ चेकअपची पीडीएफ पडून असते, त्यात सोनोग्राफीखाली एक ओळ, ग्रेड वन फॅटी लिव्हर. "अरे ते सगळ्यांनाच असतं" असं बाजूचा म्हणतो आणि पीडीएफ बंद.

घरी कळलं की मग सगळं खापर तेलावर. वडापाव बंद, मिसळीची तर्री बंद. चांगलंच आहे, पण तेल ताटातून उठून थेट लिव्हरमध्ये बसतं असं नसतं हो. २००५ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, पेशंट मोजकेच होते पण काम भारी होतं, त्यांनी फॅटी ॲसिडना, म्हणजे चरबीच्या सुट्या तुकड्यांना, खूण करून ती लिव्हरपर्यंत कुठून पोचतात ते मोजलं. लिव्हरच्या चरबीपैकी ५९ टक्के आली रक्तात फिरणाऱ्या मोकळ्या फॅटी ॲसिडमधून, २६ टक्के लिव्हरने स्वतःच बनवलेली, मुख्यतः साखर-स्टार्चपासून, आणि जेवणातल्या तेलातुपातून थेट फक्त १५.

आता ही मोकळी फॅटी ॲसिड रक्तात येतात कुठून, तर मुख्यतः आपल्याच अंगावरच्या चरबीतून. वाशीच्या एपीएमसीतलं गोदाम डोळ्यासमोर आणा. चरबीच्या पेशी म्हणजे गोदाम आणि इन्सुलिन म्हणजे दारावरचा वॉचमन, जेवण झालं की तो शटर खाली ओढतो, माल आतच राहतो. इन्सुलिन रेझिस्टन्स आला की वॉचमन ओरडतोय पण कोणी ऐकत नाही, शटर उघडंच, रात्रंदिवस माल बाहेर, आणि तो लिव्हरच्या दारात येऊन पडतो. वर रक्तात इन्सुलिन वाढलेलं असतं, ते लिव्हरला सांगतं साखरेची चरबी कर. म्हणजे दोन्हीकडून मार. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे अशी माणसं खूप, वजनकाट्यावर ठीक दिसतात, पण पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर गेली की सावध व्हायचं.

गंमत म्हणजे नेहमीच्या लिपिड प्रोफाईलमध्ये ही मोकळी फॅटी ॲसिड मोजतच नाहीत, तिथे ट्रायग्लिसराईड दिसतं, म्हणजे हेच तुकडे जोडून साठवलेली चरबी. आणि लिव्हरमध्ये साठलेलं ट्रायग्लिसराईड हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी माल, खरा त्रास देतात पामिटिक ॲसिडसारखी सॅच्युरेटेड फॅटी ॲसिड, ती पेशीत जास्त झाली की सूज येते, पेशी मरतात आणि हळूहळू फायब्रोसिस, म्हणजे लिव्हर कडक होत जाणं.

मग औषध काय? केमिस्टकडचं लिव्हर टॉनिक यातलं काहीच थांबवत नाही, हे माझं स्पष्ट मत. पायोग्लिटाझोन हे डायबेटिसचं औषध शटरवरच काम करतं, चरबी पेशीतच धरून ठेवतं, रक्तातली फॅटी ॲसिड कमी होतात, पण वजन वाढतं, पायाला सूज येते, हार्ट फेल्युअरवाल्यांना चालत नाही. अहमदाबादच्या झायडसचं सारोग्लिटाझार भारतात २०१३ ला डायबेटिसवाल्यांच्या ट्रायग्लिसराईडसाठी आलं आणि २०२० ला त्याला सूज असलेल्या फॅटी लिव्हरसाठीही मंजुरी मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोमला परवानगी मिळाली, ते लिव्हरमधलीच चरबी जाळायला लावतं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाईडला, तेच वजन उतरवणारं इंजेक्शन. ही दोन्ही मध्यम ते जास्त फायब्रोसिसवाल्यांसाठी, सिरॉसिस, म्हणजे फायब्रोसिसचा शेवटचा टप्पा, झालेल्यांसाठी नाहीत, आणि ग्रेड वनवाल्या पोरांसाठी तर नाहीतच. फिश ऑईलने ट्रायग्लिसराईड उतरतं, फायब्रोसिस हलतो असा पुरावा नाही.

वजन मात्र सगळ्याच टप्प्यांवर काम करतं. ५ टक्के उतरलं की चरबी कमी, ७ ला सूज ओसरायला लागते, १० टक्क्यांना काहींचा फायब्रोसिससुद्धा मागे येतो, म्हणजे ८० किलोच्या माणसाला आठ किलो.

आणि ती पीडीएफ परत उघडा. वय, एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या रक्तचाचण्या) आणि प्लेटलेट एवढ्यावरून फिब-फोर नावाचा आकडा निघतो, ऑनलाईन कॅल्क्युलेटर फुकट आहेत, १.३ च्या वर आला तर डॉक्टरांना फायब्रोस्कॅनचं, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीचं, विचारा, पासष्टीच्या पुढच्यांना ही मर्यादा २ धरतात.