पेटी खाली येते तेव्हा

पहाट व्हायला अजून अवकाश आहे आणि वारा पडलाय. असा वारा मिळाला तरच हैदराबादच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) बलून केंद्रात कामाला हात लागतो. जमिनीवर पसरलाय तो पॉलिथिनचा फुगा. त्याला जपून धरावं लागतं, कारण पापुद्रा इतका पातळ की खडा टोचला तरी उड्डाण रद्द. हायड्रोजन भरतात तो फक्त वरच्या टोकात. बाकीचा फुगा असा सुरकुतलेला, लोंबता. अर्धवट भरल्यासारखा दिसतो, पण तसाच हवा. तीस किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम एक टक्का उरतो, आणि तेवढाच वायू पसरून फुग्याचा व्यास ५० मीटरच्या पुढे नेतो.

आता खालची माळ बघा. फुगा, त्याखाली रंगीत पॅराशूट, मग लांब दोर, शेवटी उपकरणांची पेटी. पॅराशूट घडी घालून ठेवलेलं नाही; पहिल्यापासूनच ते या माळेत ताणून बांधलेलं असतं.

होमी भाभांच्या काळापासून टीआयएफआर वैश्विक किरणांच्या, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांच्या, अभ्यासासाठी फुगे सोडत आलंय. आपल्याकडच्या आकाशातली अडचण म्हणजे सोळा-सतरा किलोमीटरवरची थंडी, उणे ८० अंशांच्या आसपास. साधं प्लास्टिक तिथे तडकतं.

निरीक्षणं झाली की खालून रेडिओवर आज्ञा जाते. फुगा सुटतो, फाटतो. वर हवा नावापुरतीच, मग पॅराशूटनं धरायचं काय? पेटी आधी सुसाट येते. दाट हवा लागली की छत्री भरते आणि वेग उतरतो.

हवामान खात्याचे रेडिओसोंड, म्हणजे हवेची मापं रेडिओवर कळवणारी फुग्याला बांधलेली छोटी यंत्रं, रोज सुटतात. त्यांचे आकडे वाटेतच पोचतात, म्हणून ते शोधायला सहसा कुणी जात नाही. ही पेटी मात्र परत हवी असते. उपकरणं महागडी, आणि बरीचशी पुन्हा वर जाणारी. म्हणून केंद्र जाहीर सूचना काढतं. हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरपर्यंत, म्हणजे सोलापूर, लातूर, नांदेडच्या शिवारातही, ती उतरू शकते. गावात घबराट होते, कधी पिकाचीही नासाडी होते.

पेटी उघडू नका. काहींवर उच्च दाबाच्या विजेचा इशारा असतो. वारा असेल तर उतरलेलं पॅराशूटही तिला ओढत नेतं, तेव्हा लांबच थांबा. पोलीस ठाण्यात किंवा पोस्टात कळवा, शास्त्रज्ञ येऊन घेऊन जातील. कळवणाऱ्याला बक्षीस मिळतं, फोनचा खर्चही मिळतो. छेडछाड केली असेल तर यातलं काही नाही.