चाक कोणी दिले?

टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत एकवीस टप्प्यांची, सुमारे तीन आठवडे चालणारी आणि साधारण साडेतीन हजार किलोमीटर लांबीची असते. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ मिळवत नेला जातो आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी चढते. ही बेरीज एकाच्या नावावर मांडली जात असली, तरी ती कमी ठेवण्यासाठी संघातील आठही जण झिजत असतात. ज्यांनी ही शर्यत सुरू केली, त्या आँरी देग्रांज यांना मात्र नेमके हेच मान्य नव्हते.

देग्रांज हे ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाचे संपादक होते आणि १९०३ मध्ये त्यांनी ही शर्यत सुरू केली ती दैनिकाचा खप वाढावा म्हणून. सायकलपटूने स्वतःच्या पायांच्या बळावर अंतर कापावे आणि सायकल मोडली तर स्वतःच्याच हातांनी ती दुरुस्त करावी, असा त्यांचा आग्रह होता व नियमही त्याच धाटणीचे होते.

या नियमांची झळ सर्वाधिक बसली ती युजेन क्रिस्तोफ यांना. १९१३ मध्ये पिरेनीज पर्वतातील तुर्माले घाट उतरताना त्यांच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरून ठेवणारा दुबेळका दांडा, मोडला. एकूण विजेतेपद आवाक्यात असलेला हा गडी मोडकी सायकल खांद्यावर घेऊन दहा किलोमीटरहून अधिक अंतर चालत सेंत-मारी-द-काँपाँ या गावी पोहोचला आणि तेथील लोहारशाळेत त्याने स्वतः ऐरणीवर घाव घालून फोर्क जोडला. लोहाराने तोंडी सूचना द्यायच्या, हात लावायचा नाही. शर्यतीचे अधिकारी हे सारे उभे राहून पाहत होते. तरीही एका हाताने फोर्क आणि दुसऱ्या हाताने हातोडा धरलेल्या माणसाला भाता ओढणे शक्य नव्हते, म्हणून एका मुलाने तो ओढला. तेवढ्या मदतीबद्दल क्रिस्तोफ यांच्या वेळेत दंडाची मिनिटे वाढवण्यात आली. तोवर काही तास वाया गेलेच होते, त्यामुळे त्या मिनिटांनी निकालात काहीही फरक पडणार नव्हता. नियम पाळल्याचे समाधान अधिकाऱ्यांना मिळाले, एवढेच.

पुढे चित्र पालटले. १९३० पासून राष्ट्रीय संघ उतरू लागले आणि सहकाऱ्याला साहाय्य करणे हा गुन्हा न राहता कर्तव्य झाले. १९३४ मध्ये फ्रान्सच्या संघाचे आंतोनँ मान्य पिवळ्या जर्सीत असताना पिरेनीजमधील एका उतारावर पडले, तेव्हा वीस वर्षांच्या रने व्हिएतो यांनी आपल्या सायकलचे पुढचे चाक काढून त्यांना दिले आणि स्वतः मदतीची गाडी येईपर्यंत रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर बसून राहिले. ते छायाचित्र फ्रान्सभर गाजले. दुसऱ्या दिवशी मान्य पुन्हा अडचणीत आले आणि पुढे निघून गेलेले व्हिएतो उलट दिशेने परतले; या वेळी त्यांनी अख्खी सायकलच देऊन टाकली. मान्य जिंकले, व्हिएतो पाचवे आले. चाक दिले नसते तर व्हिएतोच जिंकले असते, असे आजही हळहळून सांगितले जाते. पण अंतिम क्रमवारीत ते मान्य यांच्यापेक्षा जवळपास तासभर मागे होते आणि तो सगळा तास भिंतीवर बसण्यात गेलेला नव्हता.

आजच्या शर्यतीत हा त्याग नोकरीचा भाग आहे. पुढच्याच्या चाकाला चाक लावून चालणाऱ्याला वारा कमी लागतो आणि त्याची ढोबळमानाने तृतीयांश शक्ती वाचते. म्हणूनच सपाट रस्त्यावर तासन्‌तास वारा अंगावर घेण्याचे काम साहाय्यक सायकलपटू करतात. पाणी आणणेही त्यांच्याकडेच असते. संघाच्या गाडीपर्यंत मागे यायचे, एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने एकेक बाटली घ्यायची आणि जर्सीच्या पाठीत, खिशांत, मानेमागे कोंबायची; मग पाठीवर कुबड आल्यासारखी ती काही किलोंची भर घेऊन, ताशी चाळीसहून अधिक वेगाने धावणाऱ्या घोळक्यातून वाट काढत नायकापर्यंत पोहोचायचे. विजेत्याच्या बक्षिसाची रक्कम संघात वाटून घेण्याची रीत आहे, ती उगाच नाही.

मदतीची सीमा मात्र संघापाशीच संपते. २०१५ च्या जिरो दितालिया या इटलीतील शर्यतीत, दहाव्या टप्प्याच्या अखेरीस, रिची पोर्ट यांचे चाक पंक्चर झाले. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये असे घडले असते तर वेळेचे नुकसान झाले नसते, पण ती हद्द अजून यायची होती. जवळ होते ते प्रतिस्पर्धी संघाचे, पण पोर्ट यांच्याच देशाचे, ऑस्ट्रेलियाचे सायमन क्लार्क. त्यांनी आपले चाक काढून दिले. हे सारे कॅमेऱ्यांसमोर, उघडपणे घडले, कारण आपण नियम मोडत आहोत हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. पोर्ट आणि क्लार्क या दोघांनाही प्रत्येकी दोन मिनिटांचा दंड झाला आणि त्या संध्याकाळी पोर्ट तिसऱ्या क्रमांकावरून थेट बाराव्यावर गेले. पोर्ट आणि क्लार्क या दोघांनाही प्रत्येकी दोन मिनिटांचा दंड झाला आणि त्या संध्याकाळी पोर्ट तिसऱ्या क्रमांकावरून थेट बाराव्यावर गेले.