पूर्वेकडून आलेली माणसं

(दृश्य: झाडांच्या आडोशाला मोकळी जागा. गवतात बुडालेला दगडी पाया.)

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात डॅनव्हर्स नावाचं गाव आहे. तिथल्या घरांच्या मागच्या बाजूला हे दगड आहेत. १९७० साली उत्खनन झालं, तेव्हा ते वर आले. इथं एका धर्मोपदेशकाचं घर होतं आणि गावाला तेव्हा सेलम व्हिलेज म्हणत.

१६९२ च्या जानेवारीत या घरातल्या दोन मुलींना झटके येऊ लागले. बेटी नऊ वर्षांची, ॲबिगेल अकराची. अंग वेडंवाकडं पिळवटायचं. कुणीतरी चावतंय, टोचतंय, अशा त्या किंचाळायच्या. वैद्य आला आणि त्यानं यात दुष्ट शक्तीचा हात असल्याचं सांगितलं.

पुढचं आपल्याला साधारण माहीत असतं. चेटकिणी, खटले, फाशी. पण या घरात राहत कोण होतं, हे आधी पाहू.

घरमालक सॅम्युअल पॅरिस. जन्म लंडनचा. बार्बाडोस बेटावर वडिलांचा ऊसमळा होता, तो त्याच्याकडे आला. बोस्टनमध्ये त्यानं व्यापार करून पाहिला, तो जमला नाही, म्हणून १६८९ मध्ये तो या गावाचा धर्मोपदेशक झाला. त्याच्या घरात गुलाम म्हणून राबणारी टिट्यूबा आणि तिचा नवरा जॉन. त्या काळच्या कागदांत दोघांच्या नावापुढं 'इंडियन' असं लिहिलेलं आहे. म्हणजे अमेरिका खंडांतले मूळ रहिवासी. पुढच्या शतकांत मात्र टिट्यूबाचं चित्र पार बदललं. शेकोटीभोवती मुलींना जमवून परदेशी काळी जादू शिकवणारी बाई, असं ते झालं. १६९२ च्या एकाही कागदात हा प्रसंग नाही.

कागदात आहे ती एक भाकरी. राय नावाच्या धान्याचं पीठ मुलींच्या लघवीत मळायचं, भाजायचं आणि कुत्र्याला घालायचं, म्हणजे करणी कुणाची ते कळतं. हा तोडगा मेरी सिब्ली नावाच्या शेजारणीनं सांगितला. ती इंग्रज होती आणि तोडगाही अस्सल इंग्रजी. भाकरी मात्र गुलामांच्या हातून झाली, आणि बोट त्यांच्याकडं वळलं.

(दृश्य: जुन्या हस्तलिखिताचं पान.)

मार्चचे पहिले दोन दिवस. न्यायदंडाधिकारी जॉन हॅथॉर्न प्रश्न विचारतोय. टिट्यूबा आधी नाही म्हणते, मग बोलायला लागते. मालकानं मारून वदवून घेतलं, असं तिनं नंतर सांगितल्याची नोंद आहे. ती म्हणाली, बोस्टनहून एक उंच माणूस येतो. काळे कपडे, पांढरे केस. त्याच्याजवळ पिवळा पक्षी असतो. आम्ही काठीवर बसून जातो. आणि त्याच्याकडं एक पुस्तक आहे, त्यात नऊ खुणा आहेत.

नऊ. तिच्यासोबत पकडलेल्या दोघींच्या खुणा तिनं सांगितल्या. मग उरलेल्या कुणाच्या? त्या क्षणी त्या खोलीतला प्रत्येकजण मनात यादी करत असणार.

आता सेलम जरा बाजूला ठेवू आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं वर जाऊ. आजच्या मेन राज्याचा हा किनारा. मॅसॅच्युसेट्समधली माणसं त्याला नुसतं 'पूर्वेकडे' म्हणायची. तिथं वाबानाकी लोकांची भूमी होती. इंग्रज वसाहतवाल्यांनी नदीत आडवी जाळी लावून त्यांचे मासे अडवले. इंग्रजांची गुरं त्यांच्या मक्यात शिरत होती. १६७८ च्या तहात दर कुटुंबामागं वर्षाला थोडा मका द्यायचं ठरलं होतं, तो दिला गेला नाही. १६८८ मध्ये पुन्हा लढाई पेटली. फ्रेंच वाबानाकींच्या बाजूनं उभे राहिले. आधी एकांची भूमी गेली, मग दुसऱ्यांची गावं जळाली. सेलममध्ये मुलींना झटके येत होते त्याच जानेवारीत यॉर्क गावावर हल्ला झाला. शंभराहून जास्त माणसं मारली गेली किंवा पकडून नेली गेली.

वाचलेले दक्षिणेकडं पळाले. ते सेलमच्या परिसरात आले, नातेवाइकांकडं राहिले, कुणाच्या घरी मोलकरीण म्हणून लागले.

मर्सी लुईस अशीच आली होती. कास्को उपसागराच्या काठची, आईबाप गमावलेली, वय एकोणीसच्या आसपास. सेलममध्ये पुटनम कुटुंबाकडं कामाला होती. आरोप करणाऱ्या मुलींत तिचा आवाज मोठा होता. ॲबिगेल हॉब्सही त्याच किनाऱ्यावर राहून आलेली. एप्रिलमध्ये तिनं सांगितलं की सैतान तिला तीन-चार वर्षांपूर्वी भेटला. कुठं? पूर्वेकडे, कास्कोच्या रानात. बोस्टनमध्ये मर्सी शॉर्ट नावाची मुलगी होती. १६९० च्या हल्ल्यात तिच्या आईवडिलांना मारलं, तिला कॅनडात नेलं, नंतर खंडणी देऊन सोडवलं. तिला दिसणारा सैतान कसा होता? ठेंगणा, तांबूस वर्णाचा, इंडियनासारखा.

एकीच्या तोंडी बोस्टनचा उंच माणूस, दुसरीच्या तोंडी कास्कोचं रान, तिसरीच्या डोळ्यांसमोर तांबूस सैतान. प्रत्येकजण आपल्याला छळणाऱ्याचाच चेहरा सांगत होता, असं मला वाटतं. ज्यांनी ऐकलं त्यांनी मात्र या सगळ्यांना एकाच पुस्तकात बसवलं.

त्या पुस्तकाला मग एक म्होरक्या लागला. तो सापडला जॉर्ज बरोज. हाही धर्मोपदेशकच. पूर्वी सेलम व्हिलेजमध्ये होता, नंतर पूर्वेकडे गेला. मर्सी लुईस कधीकाळी त्याच्या घरी कामाला होती. तिकडच्या लढाईत सैनिक मेले ते यानंच मंतरून मारले, असा आरोप झाला. तो ठेंगणा असून लांबलचक बंदूक एका हातानं सरळ उचलतो, याच्या साक्षी झाल्या. तो म्हणाला, तिथं एक इंडियनही होता, त्यानंही तशीच उचलली. साक्षीदारांना असा कुणी आठवेना. मग अर्थ काढला गेला की तो काळा माणूस, म्हणजे सैतानच असणार, कारण तो दिसायला इंडियनासारखाच असतो. १९ ऑगस्टला बरोजला फाशी दिली. फासाखाली उभं राहून त्यानं प्रभूची प्रार्थना न अडखळता म्हटली. चेटक्याला ते जमत नाही, अशी समजूत होती. गर्दी चुळबुळली. फाशी थांबली नाही.

(दृश्य: केप ॲनचा खडकाळ किनारा, धुकं.)

त्याच उन्हाळ्यात या किनाऱ्यावरच्या ग्लॉस्टर गावात विचित्र प्रकार झाला. फ्रेंच आणि इंडियन शेतांच्या कडेनं फिरताना दिसू लागले. गोळ्या झाडल्या, कुणी पडेना. इप्सविचहून साठ माणसांची कुमक आली. पंधरवड्याहून अधिक काळ हा पाठलाग चालला आणि हाती कुणीच लागलं नाही. शेवटी तिथल्या धर्मोपदेशकानं लिहून ठेवलं की ते खरे शत्रू नव्हतेच, सैतानाची माणसं होती.

आणि न्यायाधीश? १६९० च्या वसंतात कास्कोच्या संरक्षणाची पाहणी करायला पाठवलेल्यांत हॅथॉर्न होता. त्याच मे महिन्यात तिथला किल्ला पडला. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर विल्यम फिप्स तर जन्मानंच त्या किनाऱ्याचा. त्यानं १६९० मध्ये फ्रेंचांच्या ताब्यातल्या क्यूबेकवर चढाई केली होती, ती फसली. सैतान आपल्यावर चालून आलाय, असं मानलं की कितीतरी प्रश्न विचारावे लागत नाहीत.

४ जुलैला कँडी नावाच्या गुलाम बाईची चौकशी झाली. तिला बार्बाडोसहून आणलेलं. तू चेटकीण आहेस का, या प्रश्नावर तिचं उत्तर नोंदलेलं आहे. ती म्हणाली, "कँडी तिच्या देशात चेटकीण नव्हती. कँडीची आई चेटकीण नव्हती. बार्बाडोसमध्ये कँडी चेटकीण नव्हती. या देशात मालकिणीनं कँडीला चेटकीण केलं."

मग तिनं गाठी मारलेल्या चिंध्या आणून दाखवल्या. चौकशी करणाऱ्यांनी एक चिंधी जाळून पाहिली. एका मुलीचा हात भाजला म्हणे. पाण्यात बुडवून पाहिली, तर दोघी गुदमरल्या, तिसरी नदीकडं धावत सुटली. त्या दिवशी त्या खोलीत प्रत्यक्ष जादूचे प्रयोग कुणी केले, ते तुम्हीच पाहा.

मेरी ब्लॅक नावाच्या दुसऱ्या एका गुलाम बाईला विचारलं, तू काय टोचतेस? ती म्हणाली, गळ्यातलं फडकं पिनेनं अडकवते. हॅथॉर्न म्हणाला, काढ आणि परत लाव. तिनं लावलं. समोरच्या मुली किंचाळल्या.

ऑक्टोबरअखेर विशेष न्यायालय बरखास्त झालं. तोवर एकोणीस जणांना फाशी झाली होती, एकाला दगडांखाली दाबून मारलं होतं, काहीजण कोठडीतच गेले होते. कबुलीवर टिकून राहिलेल्यांपैकी कुणालाही फाशी झाली नाही.

टिट्यूबानं कबुली दिली होती. मे १६९३ मध्ये तिच्यावरचा आरोप ज्यूरीनं टिकू दिला नाही. पण कैद्याला आपल्या अन्नापाण्याचा खर्च भरल्याशिवाय बाहेर पडता येत नसे. पॅरिसनं तो भरायला नकार दिला.

अखेर दुसऱ्या कुणीतरी पैसे भरले आणि त्याबदल्यात तिला विकत घेतलं.