ड्राफ्टचा दिवस आणि क्लबची दानत : पिट्सबर्गच्या बेसबॉल चाहत्यांचा एक जुना वाद

(एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

अमेरिकेतील बेसबॉलचा चाहता वर्षातून एकदा अशा मुलांविषयी हिरिरीने वाद घालतो, ज्यांतील बहुतेकांचा खेळ त्याने एकदाही प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. हा वाद होतकरू हौशी खेळाडूंच्या ड्राफ्टचा. आज मी त्याविषयी बोलणार आहे ते पिट्सबर्ग पायरेट्स या एकाच क्लबच्या आधाराने. या क्लबच्या चाहत्यांइतका दीर्घ आणि इतका कष्टी वाद फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल. माझे म्हणणे असे आहे की हा वाद वरकरणी खेळाडूंच्या गुणवत्तेविषयी असला, तरी त्याच्या मुळाशी क्लबच्या दानतीचा प्रश्न असतो. आणि त्या प्रश्नावर चाहत्यांचा कौल आपण समजतो त्यापेक्षा बराच न्याय्य असतो.

प्रथम पद्धत थोडक्यात सांगतो. १९६५ पूर्वी शाळा-कॉलेजांतील कोणत्याही मुलाशी कोणताही क्लब करार करू शकत असे, त्यामुळे ज्याची थैली मोठी त्याच्याकडे गुणी मुले जात. १९६४ मध्ये रिक रायकार्ट या तरुणाला एंजल्स या क्लबने दोन लाख डॉलरहून अधिक बोनस दिला, तेव्हा क्लबांचा मालकवर्ग धास्तावला आणि पुढच्याच वर्षी ड्राफ्ट सुरू झाला. क्लबांनी पाळीपाळीने एकेक नाव घ्यायचे, (२०२२ पर्यंत) मागच्या हंगामात तळाशी राहिलेल्याने आधी घ्यायचे, आणि ज्याने नाव घेतले त्यानेच त्या मुलाशी बोनसची बोलणी करायची, असा हा नियम. मुलाला नकार देता येतो. शाळेतला असेल तर तो कॉलेजात जातो, कॉलेजातला असेल तर बहुधा आणखी एक वर्ष थांबतो. आपल्याकडच्या आयपीएलच्या लिलावाशी याची गल्लत करू नये, कारण येथे बोली नसते, पाळी असते. मात्र आयपीएलनेही २००८ मध्ये एकोणीस वर्षांखालील खेळाडूंसाठी अशीच निवड केली होती आणि त्यात दिल्लीने आपल्याच शहरातील विराट कोहली सोडून प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला होता. दिल्लीकडे तेव्हा फलंदाज भरपूर होते, गोलंदाजाची गरज होती. त्या दिवसापुरता तो निर्णय अडाणीपणाचा नव्हता, हे ध्यानात ठेवावे. याच मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

ड्राफ्टमधील अनिश्चितता किती खोल आहे, हे पहिल्याच वर्षी दिसून आले. १९६५ मध्ये सर्वांत आधी नाव निघाले ते रिक मंडे याचे. पुढे बेसबॉलच्या इतिहासातील श्रेष्ठ कॅचरांत, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्यांत, गणला गेलेला जॉनी बेंच दुसऱ्या फेरीत गेला, आणि पुढे महान पिचर (चेंडू टाकणारा) ठरलेला नोलन रायन बाराव्या फेरीपर्यंत थांबून होता. १९६६ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने पहिल्या क्रमांकावर स्टीव्ह चिलकॉट हा कॅचर घेतला, तो मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर, कधीच पोचला नाही. त्याच्या लगेच मागे पुढे महान बॅटर ठरलेल्या रेजी जॅक्सनचे नाव होते. १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत ओळखीखातर घेतलेला माइक पियाझा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या दालनात, जाऊन बसला. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे शरीर अजून भरायचे असते, समोरचे पिचर सामान्य असतात, आणि न्यू जर्सीसारख्या थंड राज्यात वसंतातले सामने थोडेच होतात, त्यामुळे स्काउटांना, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांना, खेळ पुरेसा पाहायलाही मिळत नाही. या काळातला श्रेष्ठ खेळाडू ठरलेला माइक ट्राउट २००९ मध्ये पंचविसाव्या क्रमांकापर्यंत राहिला, त्यामागे हेही एक कारण होते. तेव्हा 'अमक्याला का घेतले नाही' असे दहा वर्षांनी विचारणे सोपे आहे, पण त्या प्रश्नाला फारसा अर्थ नाही.

मग चाहते भांडतात कशावरून? ७ जून २००७ चा ड्राफ्ट त्यासाठी पाहावा लागेल. त्या वर्षी ड्राफ्ट प्रथमच दूरचित्रवाणीवर थेट दाखवला गेला, म्हणजे जे घडले ते सगळ्या गावाने एकाच वेळी पाहिले. पायरेट्सचा क्रमांक चौथा होता. १९९३ पासून एकाही हंगामात या क्लबने हरलेल्या सामन्यांपेक्षा अधिक सामने जिंकले नव्हते. बहुतांशी लोकांच्या करातून उभे राहिलेले पीएनसी पार्क हे नदीकाठचे देखणे मैदान २००१ मध्ये खुले झाले, तेव्हा आता क्लबकडे पैसा येईल आणि संघ उभा राहील असे सांगण्यात आले होते. आणि त्या संध्याकाळी जॉर्जिया टेक या विद्यापीठाचा मॅट वीटर्स, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणारा, ताकदवान आणि त्या वर्षीच्या कॉलेज खेळाडूंत सर्वश्रेष्ठांपैकी एक मानला जाणारा कॅचर, चौथ्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला होता. त्याचा सल्लागार स्कॉट बोरास. बोरासचे नाव आले की बोनसचा आकडा फुगतो, हे क्लबांना माहीत होते आणि चाहत्यांनाही. पायरेट्सने वीटर्सला सोडले आणि क्लेमसन विद्यापीठाचा डॅनियल मॉस्कोस हा डावखुरा रिलीफ पिचर (सामना सुरू असताना बदली येणारा) घेतला. पुढच्याच क्रमांकावर बाल्टिमोरने वीटर्सला उचलले आणि त्याला ६० लाख डॉलर दिले. मॉस्कोसचा बोनस त्याच्या निम्म्याहून कमी होता.

चाहत्यांचा राग त्या क्षणी उसळला, आणि तो मॉस्कोसवर नव्हता. शहरातले रेडिओवरचे बोलणे, कट्ट्यांवरचे बोलणे एकाच मुद्द्यावर आले होते: शेवटच्या फळीतल्या क्लबला नियमाने जो एकच लाभ मिळतो, तो लाभही पैसे वाचवण्यासाठी सोडून दिला जात असेल, तर हरण्याला अर्थ काय? ३० जून रोजी काही चाहत्यांनी ठरवून निषेध केला आणि सामन्याच्या तिसऱ्या डावानंतर शेकडो लोक आपापल्या जागांवरून उठले. निषेध मोठा झाला नाही, हे खरे आहे. पण ज्यांनी तिकीट काढले होते, ज्यांचे वडील आणि आजोबा रॉबर्टो क्लेमेंटे या क्लबच्या जुन्या महान खेळाडूला पाहत मोठे झाले होते, त्या लोकांनी चालू सामन्यात उठून जाणे ही लहान गोष्ट मानता येत नाही. पुढे महिन्याभरात, ३१ जुलैला, त्याच व्यवस्थापनाने सॅन फ्रान्सिस्कोकडून मॅट मॉरिस हा उतरणीला लागलेला पिचर त्याच्या उरलेल्या करारासकट घेतला; त्या कराराचे ओझे एक कोटी डॉलरहून अधिक होते. म्हणजे पैसा होता. सप्टेंबरमध्ये महाव्यवस्थापक डेव्ह लिटलफील्ड यांना पदावरून दूर करण्यात आले.

आता निकाल पाहू. मॉस्कोस मेजर लीगमध्ये २०११ या एकाच हंगामात ३१ सामने खेळला. वीटर्स चार वेळा ऑल-स्टार झाला, म्हणजे हंगामातील निवडक खेळाडूंच्या संघात आला, मात्र अपेक्षा होती तशी दंतकथा तो ठरला नाही. काही जण आज म्हणतात की पाहा, एवढा आरडाओरडा झाला आणि वीटर्सही काही जॉनी बेंच निघाला नाही. हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. चाहत्यांनी त्या दिवशी वीटर्सच्या भविष्याची हमी दिली नव्हती. हातात असलेल्या माहितीनुसार जो उत्तम होता त्याला न घेण्याचे कारण खेळाबाहेरचे आहे, एवढेच ते म्हणत होते, आणि ते शंभर टक्के बरोबर होते. दिल्लीने सांगवानला घेतले त्यामागे संघाची गरज होती. मॉस्कोसच्या निवडीमागे तसे सांगण्यासारखे कारण कोणालाही सापडले नाही.

चाहते केवळ निकालावर डोके आपटत नाहीत, याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. २००८ मध्ये क्लबचे अध्यक्ष फ्रँक कूनली आणि महाव्यवस्थापक नील हंटिंग्टन या नव्या जोडीने दुसऱ्या क्रमांकावर व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा बॅटर पेद्रो अल्वारेझ घेतला. त्याचाही सल्लागार बोरासच. बोलणी ताणली गेली, मुदतीवरून वाद झाला, अखेर करार ६० लाखांच्या वर गेला. त्याच ड्राफ्टमध्ये तीन क्रमांक मागे बस्टर पोझी होता. तो २०१२ मध्ये नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सॅन फ्रान्सिस्कोला त्याने तीन विजेतेपदे मिळवून दिली. केवळ निकाल पाहिला तर ही चूक २००७ पेक्षा कितीतरी मोठी ठरते. तरीही पिट्सबर्गमध्ये अल्वारेझच्या निवडीविषयी कोणी तशा संतापाने बोलत नाही, कारण त्या दिवशी क्लबने उत्तम वाटणारी बॅट घेतली होती आणि तिची किंमत मोजली होती. २०१० मध्ये जेमसन टाय्योन या पिचरला घेऊन पुढे मोठा खेळाडू झालेल्या मॅनी मचाडोला सोडले, याबद्दलही हळहळ आहे, पण दोष नाही. टाय्योनला ६५ लाख डॉलर दिले गेले होते, आणि पुढे कोपराची शस्त्रक्रिया व कर्करोग या दोन्हींना तोंड देत तो मुलगा ज्या जिद्दीने मैदानावर परतला, त्याला या शहराने मनापासून दाद दिली आहे.

याच काळातला एक धागा आपल्या देशाशीही जुळतो. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पायरेट्सने उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोघा भालाफेकपटूंशी करार केला. ड्राफ्ट अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको येथील खेळाडूंपुरताच असल्यामुळे त्यांना थेट करारबद्ध करता आले. दोघेही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत, पण क्लब चहूकडे शोध घेतो आहे असे त्या वर्षी चाहत्यांना वाटले.

२०११ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेरिट कोल हा पिचर आला, ८० लाख डॉलर घेऊन. दुसऱ्या फेरीत जॉश बेल या शाळकरी मुलाला ५० लाख दिले गेले, जरी त्याने आपल्याला कॉलेजात जायचे आहे असे क्लबांना आधीच पत्राने कळवले होते. त्या एका ड्राफ्टमध्ये पायरेट्सने सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर खर्च केले, आणि तोवर कोणत्याही क्लबने इतका खर्च केलेला नव्हता. २०१३ मध्ये या क्लबची वीस वर्षांची पराभवाची साखळी तुटली. १ ऑक्टोबरच्या बाद फेरीच्या सामन्यात सगळे मैदान सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो याचे नाव एका सुरात घेऊन त्याला डिवचत होते, त्याच्या हातातून चेंडू निसटला, आणि पुढच्याच चेंडूवर पायरेट्सच्या रसेल मार्टिनने होमरन (षटकारासारखा फटका) मारला. ज्या संघासाठी हे लोक ओरडत होते, त्यात अँड्र्यू मकचन, नील वॉकर, अल्वारेझ आणि कोल हे चौघे पायरेट्सनेच पहिल्या फेरीत निवडलेले होते.

२०१२ पासून नियम बदलले. आता प्रत्येक क्लबला बोनससाठी ठरावीक रक्कम मिळते आणि ती पाच टक्क्यांहून अधिक ओलांडली तर पुढच्या वर्षीची पहिली निवड गमवावी लागते. गरीब क्लबने भरपूर खर्च करून पुढे जाण्याची वाट त्यामुळे बंद झाली. मला हा बदल अन्यायाचा वाटतो. वादाचे स्वरूपही बदलले. २०२१ मध्ये पायरेट्सने पहिल्या क्रमांकावर हेन्री डेव्हिस हा कॅचर घेतला, त्याला त्या क्रमांकासाठी नेमलेल्या ८४ लाख डॉलरऐवजी ६५ लाख दिले. पुन्हा कंजूषपणा, असे पहिले उद्गार निघाले. पण वाचलेला पैसा दुसऱ्या दिवशी बाहेर आला: तिसऱ्या फेरीत बबा चँडलर, जो क्लेमसनला अमेरिकन फुटबॉल खेळायला जाणार होता, त्याला ३० लाख देऊन वळवण्यात आले. डेव्हिसची बॅट २०२५ पर्यंत तरी अपेक्षेला उतरली नव्हती. चँडलर २०२५ मध्ये मेजर लीगमध्ये आला. येथे चाहत्यांनी आपले मत दुरुस्त केले, कारण पैसा खेळाडूंवरच खर्च झाला हे त्यांनी पाहिले.

आणि मग २०२३. आदल्या डिसेंबरमध्ये प्रथमच चिठ्ठ्या टाकून पहिल्या सहा निवडींचा क्रम ठरवला गेला आणि पहिला क्रमांक पिट्सबर्गला लागला. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे दोघे समोर होते: पॉल स्कीन्स हा पिचर आणि डिलन क्रूज हा आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागात क्षेत्ररक्षण करणारा). एका पक्षाचे म्हणणे असे, की पिचरच्या खांद्या-कोपराचा भरवसा नसतो. १९९१ मध्ये यांकीजने पहिल्या क्रमांकावर घेतलेला ब्रायन टेलर खांद्याच्या दुखापतीनंतर संपला, तेव्हा रोज खेळणारा बॅटर घ्यावा. दुसरा पक्ष म्हणत होता की ताशी शंभर मैलांच्या आसपास वेगाने चेंडू टाकूनही नेमकेपणा न सोडणारा असा मुलगा अनेक वर्षांतून एकदा येतो. हा वाद मला फार आवडला होता. यात कोणालाही क्लबच्या हेतूवर संशय घ्यावा लागला नाही, सगळे बोलणे बेसबॉलचे होते. पायरेट्सने स्कीन्सला ९२ लाख डॉलर दिले. ११ मे २०२४ रोजी त्याने पदार्पण केले, त्याच वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने त्याला मिळाला.

एवढे होऊनही पिट्सबर्गचा चाहता निश्चिंत नाही. मकचन आणि कोल दोघेही २०१८ च्या जानेवारीत, काही दिवसांच्या अंतराने, दुसऱ्या क्लबांकडे पाठवले गेले होते. योग्य खेळाडू निवडूनही त्याच्याभोवती संघ उभा करायचा खर्च टाळला तर काय होते, हे त्या महिन्याने दाखवले. नियमानुसार स्कीन्स २०२९ च्या हंगामानंतर कोणत्याही क्लबशी करार करायला मोकळा होतो. २०२४ मध्ये नवव्या क्रमांकावर घेतलेला कॉनर ग्रिफिन हा मिसिसिपीचा मुलगा २०२५ मध्ये देशातील सर्वोत्तम होतकरूंत गणला गेला. त्यामुळे चाहते आता ड्राफ्टच्या यादीबरोबर क्लबचा पगारखर्चही तपासतात, आणि स्कीन्स व ग्रिफिन एकाच संघात एकत्र किती हंगाम खेळू शकतील याचा हिशेब मांडतात.