वाटी सरकायला हवी

सरद म्हणजे पावसाळी भाताची कापणी झाली की गोव्यात पेडण्यातल्या शेतांत गोलपोस्ट उभे राहतात. जमीन खडबडीत, त्यात बुटाचा स्टड रुतलेला आणि अंग मात्र वळलेलं. गुडघ्यातला एसीएल, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा अस्थिबंध, तुटायला एवढं पुरतं. शस्त्रक्रिया झाली, कुबड्याही आल्या. आता काम आम्हा फिजिओथेरपिस्टांच्या या टेबलावर.

अंगठा आणि तर्जनी बघा. गुडघ्याखाली टॉवेलची बारीक गुंडाळी, मांडी पूर्ण सैल. गुडघ्याची वाटी आधी वर, मग खाली, मग दोन्ही बाजूंना सरकवायची आणि टोकाला जाऊन काही सेकंद धरायची. खाली सरकत नसेल तर गुडघा वाकायला अडतो, वर सरकत नसेल तर पूर्ण सरळ होत नाही. जोर केलात की मांडी आखडते आणि सगळं फुकट जातं.

वाटी धरली जाते ती का? तिच्या दोन्ही अंगांना फॅशियाचे, म्हणजे स्नायूंवरच्या पातळ आवरणाचे, पट्टे आहेत, ते वर मांडीच्या आवरणाशी जोडलेले. फॅशियाच्या थरांमध्ये हायलुरोनन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो. पाय आठवडेच्या आठवडे स्थिर ठेवला की तो दाटतो आणि थर एकमेकांवरून सरकेनासे होतात. वरून सूज आणि शस्त्रक्रियेचा नवा व्रण.

हा व्रण जवळून पाहा. जखम पूर्ण मिटल्यावर, खपली गेल्यावरच त्याला हात लावायचा. साधारण दोन-तीन आठवड्यांनी, तेही डॉक्टरांना विचारून. खोबरेल एक थेंब, जास्त नको. बोट कातडीवरून घसरता कामा नये, कातडी बोटाबरोबर सरकली पाहिजे. आडवं, उभं, गोल. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. विजेच्या यंत्राच्या तारा लावून अर्धा तास पडून राहण्यापेक्षा आम्ही ही पाच मिनिटं पसंत करू.

आता रोलर, म्हणजे स्नायूंवर फिरवायची फोमची लाटी. मांडीच्या बाहेरचा आयटी बँड त्याने लांब होतो, हा समज जिममध्ये घट्ट बसलाय. तो पट्टा फार चिवट असतो. रोलरने मिळतो तो थोड्या वेळाचा सैलपणा. म्हणून एक मिनिट रोलर, गुडघ्याच्या हाडावर न जाता, आणि लगेच मांडी आवळून पाय सरळ उचलण्याचे दहा फेरे. सैलपणा वापरला नाही तर तो जातो.

पोटरी गरम, सुजलेली, दुखरी असेल तर मालीश बंद, आधी डॉक्टर. रक्ताची गुठळी असू शकते.

गुडघा सरळ व्हायचा राहिला तर लंगडणं राहतं, कधी पुन्हा शस्त्रक्रियाही लागते. मैदानावर परतायला किमान 9 महिने. तोवर दर आठवड्याला कोनमापकाने दोन्ही गुडघे मोजायचे, आधी सरळ, मग वाकवून.