धोटा, बैलगाडी आणि मिठाचं मैदान

(सोलापुरात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि एमआयडीसीतले कारागीर यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, माझी ओळख करून देताना ‘रेसिंगतज्ज्ञ’ असा शब्द आला. तो आधी खोडून टाका. मी लेथवर उभा राहणारा माणूस. अक्कलकोट रोडला छोटी शेड आहे, मागाचे सुटे भाग करतो. संध्याकाळी काम संपलं की शटर अर्धं ओढून आम्ही पाच-सहा जण एक गाडी बनवत असतो. घरचे विचारतात, कुणाबरोबर शर्यत आहे? कुणाबरोबरच नाही. मोकळं मैदान, एकटी गाडी आणि घड्याळ, एवढाच हा खेळ. लांबून वेग घेत यायचं, मोजपट्टीचा एक मैल किंवा किलोमीटर पार करायचा आणि जिवंत थांबायचं. याला लँड स्पीड रेसिंग म्हणतात.

मला याचं वेड परदेशातल्या गाड्यांमुळं लागलं असं लोकांना वाटतं. खरं तर ते लागलं गिरणीत. वडील जॉबर होते, म्हणजे माग जुळवून चालते ठेवणारे मुकादम. डबा द्यायला गेलो की मी धोट्याकडं, म्हणजे उभ्या धाग्यांतनं (ताण्यातनं) आडवा धागा घेऊन पळणाऱ्या लाकडी तुकड्याकडं, बघत बसायचो. दोन्ही टोकं निमुळती, अंग गुळगुळीत, ताण्याच्या फटीतनं सरळ जायचा, पेटीत थांबायचा, परत यायचा. धोटा पेटीत वेळेवर पोचला नाही तर माग धाडकन जागच्या जागी बंद पडतो. कारण अर्ध्यात अडकलेला धोटा ताणा तोडतो आणि उडालेला धोटा माणूस फोडतो. वडील म्हणायचे, धोटा पळवणं सोपं आहे रे, जॉबर लागतो तो थांबवायला. आज जे सांगणार आहे ते बहुतेक एवढंच आहे, फक्त आकडे मोठे आहेत.

इतिहासात फार रमत नाही, पण एक गंमत सांगतो. पहिला नोंदलेला विक्रम 1898 सालचा, फ्रान्समधला, ताशी 63 किलोमीटरचा. आज आपल्या सात रस्ता चौकात पोरं मोपेडवर तेवढी पळवतात, आणि पळवू नयेत. पुढच्याच वर्षी कामिल झेनात्झीनं 105.88 गाठला, शंभरीपलीकडं गेलेली ती पहिली गाडी. आणि दोन्ही गाड्या विजेवर चालणाऱ्या! इलेक्ट्रिक गाडी ही कालपरवाची गोष्ट समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. झेनात्झीच्या गाडीचं अंग टॉर्पेडोसारखं, पण फोटो नीट बघा: चाकं आणि आस खाली उघड्यावर, आणि स्वतः झेनात्झी वर छाती काढून बसलेला. म्हणजे धोटा करायचा आणि त्यावर बाभळीचा ओंडका बांधायचा. वारा पुढून येतो हे त्यांना कळलं होतं, पण माणूससुद्धा गाडीचाच भाग आहे हे कळायला वेळ लागला.

हौशी लोकांचा खेळ खरा वाढला तो अमेरिकेत. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर पोरं जुन्या फोर्ड पळवायची. 1937 साली त्यांनी वेळ मोजणारी आपली संघटना काढली. मग महायुद्ध झालं. लढाऊ विमानांच्या पोटाखाली जादा इंधनाच्या टाक्या लावायचे, थेंबासारख्या आकाराच्या, इंधन संपलं की सोडून द्यायच्या. युद्ध संपल्यावर त्या भंगारात आल्या. बिल बर्क नावाच्या माणसानं 1946 साली तसली एक टाकी घेतली, तिला इंजिन आणि चाकं लावली. वाऱ्याचा आकार काढायला विमान कंपनीनं जो खर्च केला होता, तो ह्याला भंगाराच्या भावात मिळाला! आपल्या भंगार बाजारात हिंडताना मला हा माणूस नेहमी आठवतो.

1949 पासून यूटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर दर ऑगस्टला स्पीड वीक भरतो. पावसानं मीठ बिघडवलं तर रद्दही होतो. तिथं इंजिनाचा आकार, इंधन आणि गाडीचा साचा यांवरून शेकडो वर्ग पाडलेत. त्यामुळं हजार अश्वशक्तीवाला आणि मोटारसायकलचं इंजिन घेऊन आलेला शेतकरी, दोघेही एकाच सकाळी विक्रमवीर होऊ शकतात. विक्रम एका फेरीत होत नाही, तेही बरंय. पहिली फेरी जुन्या विक्रमापेक्षा जास्त झाली की गाडी पहाऱ्यात ठेवतात, दुरुस्तीला मोजके तास देतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा पळवायची आणि सरासरी धरायची. जागतिक विक्रमाला तर दोन्ही दिशांनी, एका तासाच्या आत. मिकी थॉम्प्सननं 1960 साली चार इंजिनं लावून जाताना 406 मैलांच्या वर वेग काढला, आणि परतीच्या फेरीत ड्राइव्ह शाफ्ट तुटला. विक्रम शून्य.

आता वही काढा, थोडं गणित आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि तो रेटायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं. साधी हॅचबॅक घ्या. ताशी 100 किलोमीटरला नुसती हवा बाजूला सारायला साधारण 11 अश्वशक्ती लागतात. 200 ला बावीस नव्हे, अठ्ठ्याऐंशी. 300 ला जवळजवळ तीनशे. म्हणून इंजिन मोठं करत जाणं हा पैसे जाळायचा रस्ता आहे. आता तीच गाडी धोट्यासारखी करा. समोरून दिसणारं क्षेत्रफळ 0.6 चौरस मीटर, ड्रॅगचा गुणांक, म्हणजे आकार वाऱ्याला किती अडतो तो आकडा, 0.15. हिशोब करा, ताशी 300 ला हवेपुरती साधारण 42 अश्वशक्ती पुरते. चाकांचं घर्षण, मिठाचा अडथळा हे वेगळं धरा, पण तरी फरक केवढा! समर्स बंधूंनी 1965 साली गोल्डनरॉड नावाची गाडी केली, तिच्यात चार इंजिनं एकामागं एक, आगगाडीच्या डब्यांसारखी लावली. शेजारीशेजारी लावली असती तर गाडी रुंद झाली असती. ताशी 409.277 मैल, म्हणजे 658 किलोमीटरच्या वर.

पण माझा मुद्दा याच्यापुढं सुरू होतो. ताकद आली, आकार आला. गाडी सरळ जाईल कशावरून?

इथं शेतकऱ्यांची पोरं किती आहेत? हात वर करा. बरेच आहात. मग ‘धुरजड’ आणि ‘उलाळ’ हे शब्द तुम्हाला समजावायला नकोत. शहरातल्यांसाठी सांगतो: गाडीत ओझं पुढं जास्त झालं की ती धुरजड, जू बैलांच्या मानेवर बसतं, मागं जास्त झालं की उलाळ, जू वर उचलतं. वेगाच्या गाडीचा नियम असा की ती धुरजड पाहिजे. वजनाचा मध्य पुढं, आणि वारा बाजूनं जिथं रेटतो तो मध्य मागं. बाणाचं बघा, लोखंड पुढं आणि पिसं मागं. मग गाडी जराशी तिरपी झाली तर वाराच तिची शेपटी ढकलून तिला सरळ करतो. उलट असेल तर तोच वारा तिला आणखी तिरपी करतो, आणि ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी तेवढा वेळ त्याच्याकडं नसतो. शेपटीवरचा उभा पंख शोभेसाठी नसतो, तो वाऱ्याचा मध्य मागं ओढायला असतो.

हे मला पुस्तकातनं कळलं होतं. तरी चूक केलीच. आमच्या पहिल्या गाडीत 125 सीसीचं इंजिन मागं, पेट्रोलची टाकी मागं, बॅटरीही मागं, कारण तिथं वायर कमी लागत होती. एका खासगी जागेतल्या बंद रस्त्यावर, मालकाची परवानगी काढून, हेल्मेट घालून चाचणी घेतली. साठपर्यंत लोण्यासारखी चालली. पंच्याहत्तरला शेपूट हलवायला लागली, आधी थोडी, मग आमचा ड्रायव्हर म्हणाला तसं ‘बिथरलेल्या म्हशीवानी’. त्यानं शहाणपणानं ब्रेक न मारता नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडला. शेडवर आणून तपासलं तर पुढच्या चाकांची समांतर जुळणी (टो) दीड सूत चुकलेली, एका बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आणि वजनाचे जवळजवळ दोन तृतीयांश मागच्या चाकांवर. उलाळ! बॅटरी नाकात नेली, टाकी पुढं आणली, शेपटीला पत्र्याचा पंख लावला. इंजिनाला हातही लावला नाही, आणि तीच गाडी पुढच्या खेपेला नव्वदला गप्प गेली.

बाहा स्पर्धेच्या (खडबडीत रस्त्यावरच्या गाड्यांची कॉलेजच्या पोरांची स्पर्धा) गाड्या केलेल्या पोरांना एक गोष्ट पटत नाही. तुम्ही ग्रॅम-ग्रॅम वजन कमी करता. मिठाच्या मैदानावर लोक मुद्दाम शिसं भरतात. मिठावर पकड कमी, चाक फिरतं आणि गाडी तिथंच. वेग घ्यायला दोन-तीन मैल मोकळे असतात, त्यामुळं जडपणाचं फारसं बिघडत नाही. त्यांचा पहिला गिअरही इतका लांब असतो की बऱ्याच गाड्या सुरुवातीला मागून ट्रकनं ढकलतात. जगातल्या वेगवान गाड्या धक्का मारून चालू होतात, आपल्या जुन्या एसटीसारख्या! हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

आता थांबणं. जास्त वेगाला चाकाच्या ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून पॅराशूट. त्याचा दोर गाडीला कुठं बांधता हे महत्त्वाचं. ओढ वजनाच्या मध्याच्या रेषेत पाहिजे. फार वर बांधला तर नाक उचलतं, खाली बांधला तर शेपूट. क्रेग ब्रीडलव्हनं 1964 च्या ऑक्टोबरात ताशी 526 मैलांचा विक्रम केला, आणि त्याच फेरीत पॅराशूट गेले, ब्रेक गेले. गाडी तारेचे खांब मोडत मिठाच्या पाण्याच्या डबक्यात जाऊन बुडाली. तो पोहत बाहेर आला. म्हणून तिथं तपासणीला ड्रायव्हरला पट्टे बांधून आत बसवतात आणि म्हणतात, आता कुणाच्या मदतीशिवाय बाहेर ये. आम्हीही हे करतो. पहिल्यांदा आमच्या ड्रायव्हरला बाहेर यायला पाऊण मिनिट लागलं, कारण त्याचा बूट क्लचच्या पेडलखाली अडकला. पाऊण मिनिट म्हणजे आगीत फार झालं. आम्ही सगळी कॉकपिट कापून पुन्हा केली. तीन महिने गेले, गेले तर गेले.

बर्ट मन्रोचं नाव घेतल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिल गावचा माणूस. 1920 सालची इंडियन स्काउट मोटारसायकल, मूळची 600 सीसीची. पिस्टन घरीच, जुन्या डब्यांत ओतायचा. 1967 साली, वयाच्या 68 व्या वर्षी, बॉनव्हिलवर त्यानं 1000 सीसीखालच्या वर्गात विक्रम केला. तेव्हा ताशी 183.586 मैल नोंदले गेले. पुढं 2014 साली कळलं की सरासरी काढताना चूक झाली होती, खरा आकडा 184.087. गाडी सत्तेचाळीस वर्षं जुनी, माणूस अडुसष्ट वर्षांचा, आणि चुकलं ते गणित!

एका पोरानं चिठ्ठी पाठवलीय: हे सोलापुरात कुठं पळवणार? प्रश्न बरोबर आहे. होटगी रोडवर किंवा हायवेवर तर मुळीच नाही, हे आधी ऐका. त्यात फक्त तुमचा जीव जात नाही. इंदूरजवळ पिथमपूरला 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, पण तो लंबगोल आहे आणि उद्योगांच्या चाचण्यांसाठी. कच्छच्या रणात मीठ आहे, पण वरच्या थराखाली चिखल. धावपट्ट्यांवर ड्रॅगच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यती होतात, तिथं अंतर कमी. म्हणून आम्ही सध्या लहान इंजिन आणि लहान अंतर एवढंच धरलंय. आणि वालचंद हिराचंद याच गावचे. त्यांनी मोटारीचा कारखाना काढायचा म्हटलं तेव्हाही लोकांनी ‘कुठं’ हाच प्रश्न विचारला असेल.

ज्यांना यायचंय त्यांनी रविवारी सकाळी नऊला शेडवर या. चहा आणि शेंगाचटणी-भाकरी माझ्याकडं. ओळंबा आणि दोरी आहे, चाकांची जुळणी बघायला तेवढं पुरतं. वजनकाटे मात्र चार पाहिजेत, एकेका चाकाखाली एक. आम्ही भंगारवाल्याकडनं उसने आणले होते, त्यानं परवा नेले. कुणाच्या ओळखीत किराणा दुकानदार असेल तर विचारून बघा.