मोसंबी : रस काढून झाल्यावर

श्रोतेहो, नमस्कार. मोसंबी म्हटली की आठवतो तो रस. रस पिऊन झाला की साल आणि चोथा थेट कचऱ्यात. रसासाठी फळ पिळलं की त्याचं जवळपास निम्मं वजन मागे उरतं, आणि आज मला बोलायचंय ते त्या निम्म्याबद्दल.

साल आधी बाजारातच आपल्याला फसवते. तिला पिवळा-केशरी रंग चढायला रात्रीचा गारवा लागतो. थंडीत हरितद्रव्य ओसरतं आणि पिवळी छटा दिसू लागते. उष्ण हवेत मात्र पुरतं पिकलेलं फळही हिरवंच राहू शकतं. शिवाय मोसंबी तोडल्यावर आंब्यासारखी पिकत नाही. झाडावर जेवढी गोडी आली तेवढीच. म्हणून रंग सोडा, हातात तोलून बघा. आकाराच्या मानाने जड लागली तर रसाळ निघते.

सालीच्या वरच्या थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. साल दुमडून दाबली की उडणारा सुगंधी फवारा म्हणजे हेच तेल. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनिन नावाच्या द्रव्याचा. ते तेलकट चिकटा विरघळवतं, म्हणून सफाईच्या द्रावणांत वापरतात. अत्तरांत आणि खाद्यपदार्थांच्या स्वादांत तर ते असतंच. हो, हे तेल पेट घेतं, तेव्हा गॅसजवळ साल पिळायची गंमत नको.

आतला पांढरा थर आपण नखाने खरवडून टाकतो. त्यात पेक्टिन भरपूर असतं. जॅम घट्ट बसतो तो पेक्टिनमुळे, आणि कारखान्यांत ते मुख्यतः लिंबूवर्गीय फळांच्या सालींपासून आणि सफरचंदाच्या चोथ्यापासून काढतात. उरलेला चोथा जनावरांच्या खाद्यात जातो.

रस लगेच प्या, नाहीतर जीवनसत्त्व उडून जातं, असं सांगतात. क जीवनसत्त्व काही तासांत एवढं नाहीसं होत नाही. खरी अडचण कडवटपणाची. पांढरा थर आणि बिया जोरात चिरडल्या गेल्या की रस थोड्या वेळाने कडू होतो. म्हणून हलक्या हाताने पिळा. त्याहून बरं म्हणजे फोडी खा. पेलाभर रसाला दोन-तीन फळं लागतात. साखर सगळी पेल्यात उतरते, तंतू मात्र चोथ्यात राहतात. एक मध्यम फळ खाल्लं तरी क जीवनसत्त्वाची दिवसाची बरीचशी गरज भागते.

या फळांची ताकद १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने पाहिली होती. स्कर्व्ही म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग. त्याच्या बारा रोग्यांपैकी दोघांना त्याने रोज दोन संत्री आणि एक लिंबू दिलं. सहा दिवसांत फळं संपली, पण तोवर त्यातला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला होता. ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस देण्याचा नियम केला तो मात्र १७९५ मध्ये!

साल वापरायची असेल तर फळ नीट धुवा, कारण तिच्यावर मेण किंवा फवारणीचा अंश असू शकतो. मग फक्त रंगीत थर किसा. पांढरा आला की हात थांबवा. हा कीस केकच्या पिठात किंवा साखरेच्या पाकात चिमूटभर पुरतो.